वाचनालयात तरुण मुलं यायला हवीत? मग आधी कुलपं काढा

तरुण मुलं वाचनालयात फिरकत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून बहुतेक वेळा एखादा वाचन सप्ताह नाहीतर स्पर्धा ठेवली जाते, त्या दिवसापुरती गर्दी होते आणि नंतर परत तेच चार नेहमीचे पेपरवाचक. मला वाटतं क्रमच चुकतोय. कार्यक्रम नंतर करा, आधी मुलांना अडवणाऱ्या गोष्टी काढा आणि मग वाचनालयातले थोडे तरी निर्णय खरंच त्यांच्या हातात द्या.

सुरुवात अशी करा. मेंबर नसलेल्या एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सांगा की आत जा आणि एक पुस्तक घरी घेऊन ये, आणि तुम्ही मदत न करता फक्त बघत बसा. कुठे अडतंय ते लगेच दिसेल. फॉर्मवर जुन्या सभासदाची सही लागते, ती कुठून आणायची? अनामत रक्कम रोखच पाहिजे. कपाटं कुलूपबंद, काचेतून पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसतात आणि काउंटरवर विचारतात "कुठलं पुस्तक हवंय?", आता त्याला नावच माहीत नाहीये, तो चाळून बघायला आलाय ना! शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि दुसरं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा, आणि वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्या हा त्यांचा आग्रहच होता. इतकी वर्षं झाली तरी कुलपं आहेतच. दुर्मिळ पुस्तकं ठेवा की कुलपात, बाकीची उघडी करा. दोन-चार चोरीला जातील, जाऊदेत, पण वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेलं पुस्तक पण एका अर्थी गेलेलंच असतं.

मग दंड. परीक्षेच्या गडबडीत तारीख उलटली की दंड वाढत जातो, मग लाज वाटते, मग मुलगा येणंच बंद करतो, म्हणजे पुस्तक पण गेलं आणि वाचक पण. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी २०२१ मध्ये उशिराचा दंड सरळ रद्द केला, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र ठेवली. हे कुठेही जमण्यासारखं आहे, तारखेच्या दोन दिवस आधी मेसेज पाठवा, फोनवरून मुदत वाढवून द्या, आणि जुनं परत आलं नाही तर नवीन देऊ नका, एवढं पुरतं.

जागेबद्दल थोडक्यात. चार्जिंग पॉइंट, वायफाय, स्वच्छ टॉयलेट, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं, कारण क्लास-कॉलेज-नोकरी सुटायच्या आतच तुम्ही शटर ओढत असाल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. एक कोपरा असा ठेवा की जिथे बोललं तरी चालेल. फिनलंडमधल्या हेलसिंकीत २०१८ साली उघडलेल्या ओडी (Oodi) ग्रंथालयात शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, रेकॉर्डिंग स्टुडिओ असं सगळं आहे आणि पुस्तकं वरच्या मजल्यावर. तेवढा पैसा आपल्याकडे नसेल, नसू दे, पण "मुलांना इथे काहीतरी करायला पण मिळावं" हा विचार घ्यायला पैसे लागत नाहीत, एक टेबल आणि तिथे बसून शिकवणारा एक माणूस यातून पण सुरुवात होते. माणूस नसेल तर मात्र मशीन आणूच नका, धूळ खात पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक कपाट मुलांच्या ताब्यात द्या, नावापुरतं नाही तर खरेदीच्या बजेटमधला ठरलेला हिस्सा देऊन. यादी त्यांनी करायची, तुम्ही पटकन पुस्तकं आणायची, कारण सहा महिन्यांनी आलेल्या पुस्तकाचं त्यांना काही अप्रूप राहत नाही. यादीत मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स येतील, भुताच्या गोष्टी येतील, ग्राफिक नॉव्हेल येतील, तेव्हा नाक मुरडू नका, प्लीज. पुस्तकं कव्हर समोर दिसेल अशी उभी लावा आणि वाचलेल्याने आत एक हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, "पहिली चाळीस पानं बोअर आहेत पण सोडू नकोस" असली, ग्रंथपालाच्या शिफारशीपेक्षा ही चिठ्ठी जास्त काम करते. आणि अभ्यासिकेत स्वतःची गाईडं घेऊन दिवसभर बसणारी मुलं आहेत ना, त्यांना वाचक समजत नाहीत हे मला खूप खटकतं, ती रोज येतायत! ते कपाट त्यांच्या पाणी प्यायला जायच्या वाटेवर ठेवा.

पुस्तकांची यादी मोबाईलवर दिसलीच पाहिजे. कोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालं, जगभर वापरतात. तेही जड वाटत असेल तर साधी स्प्रेडशीट करून लिंक द्या.

आणि एक गोष्ट कर्मचाऱ्यांना नीट बसवून सांगा. कोणी काय नेलं हे कोणालाही सांगायचं नाही. एखादी मुलगी डिप्रेशनवरचं किंवा शरीराबद्दलचं पुस्तक घेते तेव्हा काउंटरवर नाव मोठ्याने वाचायचं नाही, भुवया वर करायच्या नाहीत, ओळखीच्या आईबाबांना फोन तर अजिबात नाही. असं एकदा जरी झालं तरी ती परत येणार नाही आणि तिच्या मैत्रिणी पण येणार नाहीत.

कार्यक्रमाला किती आले हे मोजत बसू नका, पहिल्यांदा आलेल्यांपैकी महिन्याभरात परत किती आले ते मोजा. आणि जे येत होते पण थांबले त्यांच्यातल्या तिघा-चौघांना फोन लावून कारण विचारा, वाद न घालता जसंच्या तसं लिहून घ्या आणि कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तोच ठेवा.