बेरीज-वजाबाकी शिकवताना या चुका टाळा: फुली मारण्याआधी उत्तर वाचा

मुलानं ५२ − २७ = ३५ असं लिहिलं की बहुतेक मोठी माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. लाल फुली मारतात, नाहीतर तशीच आणखी दहा गणितं घालतात. दोन्हीचा उपयोग नाही, कारण ३५ हे उत्तर धांदलीतून आलेलं नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जाईनात, म्हणून त्यानं ७ मधून २ काढले, ५ उरले. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हा नियम त्यानं इमानेइतबारे पाळला आहे. आणि हा नियम बहुधा आपणच दिलेला असतो, ‘लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही’ असं सांगून. त्यावर दहा गणितं घातली की चूक दहा वेळा गिरवली जाते.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं: मुलांच्या बऱ्याच चुका अंदाधुंद नसतात, एका ठरावीक सदोष रीतीतून येतात. प्रोग्राममधला बग शोधावा तशी ती रीत शोधता येते. तेव्हा पहिला प्रश्न ‘पुन्हा नीट बघ’ हा नको. ‘हे कसं केलंस, मला करून दाखव’ असं म्हणा. बरोबर उत्तरालाही अधूनमधून हेच विचारा, नाहीतर ‘कसं केलंस’ म्हणजे ‘चुकलंय’ हे मूल लगेच ओळखतं.

उत्तर दर वेळी एकानेच चुकतं

८ − ३ = ६, ५ + ३ = ७, ९ − ४ = ६. अशी उत्तरं दिसली तर मुलाच्या तोंडाकडे बघा. ते ‘आठ, सात, सहा’ असं म्हणत तीन बोटं दुमडत असेल. म्हणजे सुरुवातीचा आठच त्यानं पहिला म्हणून मोजला. संख्यारेषेवरही हेच होतं: उड्या मोजायच्या सोडून मूल खुणा मोजतं. उपाय सोपा आहे. ‘आठ’ म्हणताना हात छातीवर, एकही बोट हलवायचं नाही. पहिलं बोट ‘सात’ला. संख्यारेषेवर पेन्सिलीनं उडीची कमान काढायची आणि कमानी मोजायच्या.

बोटं वापरू नकोस!

हा हुकूम सोडणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. बोटं बंद केली तरी मोजणं बंद होत नाही. ते टेबलाखाली जातं, नाहीतर छताकडे बघत मनातल्या मनात चालतं, आणि आपल्याला दिसेनासं होतं. प्रश्न बोटांचा नाही, मूल कुठून मोजायला सुरुवात करतं याचा आहे. ३ + ९ साठी ते एकपासून बारापर्यंत मोजत असेल, तर आधी पुढे मोजायला शिकवा, तेही मोठ्या संख्येपासून: नऊ मनात, मग दहा, अकरा, बारा. ते जमलं की दहाच्या जोड्या पक्क्या करून घ्या: ७ आणि ३, ६ आणि ४, ८ आणि २. या जोड्या तोंडावर असलेलं मूल ८ + ५ करताना पाचातले दोन आठाला देतं, दहा करतं आणि उरलेले तीन मिळवून तेरा म्हणतं. बोटं मग आपोआप सुटतात. घड्याळ लावून गणितं सोडवून घेणं या टप्प्याआधी नकोच. घाईत मूल जुन्या मोजणीकडेच पळतं.

उभी मांडणी फार लवकर

३४ + ५ = ८४. ३८ + २७ = ५१५. पहिल्या उत्तरात ५ दशकाच्या घरात जाऊन बसला. दुसऱ्यात ८ आणि ७ चे १५ जसेच्या तसे खाली उतरले आणि शेजारी दशकांचे ५ लागले. दोन्ही ठिकाणी मुलाला संख्या दिसत नाही, सुटे आकडे दिसतात. ‘एक हातचा’ हे त्याच्यासाठी डोक्यावर लिहायचं चिन्ह आहे, दहाचा गठ्ठा नाही.

काड्यांचे गठ्ठे बहुतेक जण दाखवतात, पण चूक पुढे होते: काड्या एका दिवशी, वही दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकाच वेळी, ओळीला ओळ लावून चालायला हवं. ३ गठ्ठे आणि ८ सुट्या, खाली २ गठ्ठे आणि ७ सुट्या. सुट्या एकत्र केल्या, १५ झाल्या. त्यातल्या दहांना रबरबँड लावून तो गठ्ठा दशकाकडे सरकवला, आणि त्याच क्षणी वहीत हातचा १ लिहिला. वजाबाकीत उलट: ५२ मधला एक गठ्ठा सोडला की लगेच दशकाचे ५ खोडून ४ करायचे. ३५ लिहिणाऱ्या मुलाचा उपायही हाच. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवून ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हणा. गठ्ठा सोडल्याशिवाय सात सुट्या देता येत नाहीत, हे त्याच्या हातालाच कळतं.

मध्ये शून्य आलं की जमणारी मुलंही घसरतात. ४०३ − १७८ मध्ये शून्याकडून घ्यायचं काय? इथे ४०३ कडे ४० दशक आणि ३ एकक म्हणून बघायला लावा. एक दशक सुटा केला, ३९ दशक आणि १३ एकक. तेरातून आठ गेले पाच, एकोणचाळिसातून सतरा गेले बावीस. उत्तर २२५.

घरच्यांसाठी एक सूचना. वरच्या आकड्यातून दशक कमी करण्याऐवजी खालच्या दशकात हातचा मिळवायची रीत अनेक मोठ्यांच्या हातात बसलेली असते. ती बरोबरच आहे. पण शाळेची रीत पक्की होण्याआधी ती शिकवलीत तर मूल दोन्हींची मिसळ करतं आणि दशक दोनदा कमी होतो.

शब्दावरून क्रिया ओळखायची सवय

‘एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी, जास्त आलं की बेरीज.’ हा तक्ता भिंतीवरून काढून टाका. ‘मीनाकडे ७ गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ३ जास्त आहेत. राजूकडे किती?’ तक्त्यावर भिस्त असलेलं मूल ‘जास्त’ वाचून १० म्हणेल. त्याऐवजी आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा: कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी? मग चित्र, आणि आकडे सगळ्यात शेवटी. वजाबाकी म्हणजे फक्त काढून घेणं नाही, दोन संख्यांमधला फरकही आहे. ५२ − ४९ साठी दशक सुटा करत बसणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं. एकोणपन्नासापासून तीन पावलं पुढे, एवढंच तर काम.

‘=’ म्हणजे ‘उत्तर लिही’ नव्हे

८ + ४ = □ + ५. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हे विचारलं, तेव्हा सगळ्यांनी चौकटीत १२ किंवा १७ लिहिले. बरोबर उत्तर ७. वर्षानुवर्षं एकाच साच्यातली गणितं दिली की असं होतं. पहिलीपासूनच ७ = ३ + ४, ५ = ५, ६ + २ = ३ + ५ अशी वाक्यं लिहून ‘खरं की खोटं?’ विचारत चला.

चूक सुटली का हे तपासताना गणितं निवडून द्या. ५७ − २२ दिलंत तर चुकीच्या नियमानंही उत्तर बरोबरच येतं. ६४ − ३८, ७० − २६ आणि मध्येच एखादं ८९ − ४५ अशी सरमिसळ हवी, म्हणजे दशक कधी सुटा करायचा आणि कधी नाही, हे मूल स्वतः ठरवतं का ते दिसेल. आठवड्यानं अशीच तीन-चार पुन्हा द्या, न सांगता.