महिनाभराचा नेम मोडतो कुठे? या चुका टाळा

तीस दिवस पहाटे उठायचे, महिनाभर रात्री मोबाईल हातात घ्यायचा नाही, रोज दहा पाने वाचायची, असे संकल्प हल्ली कोकणातही घरोघरी केले जातात. दुसऱ्या आठवड्यात नेम मोडला की 'आपल्या अंगात शिस्तच नाही' असे म्हणून माणूस मोकळा होतो. हे निदान मला बहुतेक वेळा चुकीचे वाटते. मन कच्चे नसते. नेम धरताना पुढचा महिना नीट डोळ्यांखालून घातलेला नसतो.

गुहागरला असताना मी दिवाळीच्या पाडव्याला ठरवले की महिनाभर रोज सकाळी सहा वाजता किनाऱ्यावर पाऊण तास चालायचे. अमावास्या नुकतीच सरल्यामुळे त्या वेळी ओहोटी होती, ओली घट्ट पुळण लांबवर उघडी पडलेली होती आणि चालण्याचे श्रम जाणवतही नव्हते. मात्र भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात जवळजवळ सहा तासांचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास सहा वाजता भरती आली, घट्ट पुळण पाण्याखाली गेली आणि सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. थोड्याच वेळात पोटऱ्या भरून आल्या. नवव्या दिवशी मी अर्ध्यातून परतलो आणि दहाव्या दिवशी गजर बंद करून झोपून राहिलो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ तासांत निघते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. मलाही ते ठाऊक होते, परंतु नेम ठरवताना मी दिनदर्शिकेकडे पाहिलेच नाही.

यावर उपाय म्हणजे अडचण येण्याआधीच पर्याय ठरवून ठेवणे. पाणी वर असेल, तर त्याच वेळी तेवढाच वेळ गावातल्या रस्त्याने चालायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली अशा 'जर-तर' योजनांचे महत्त्व सविस्तर मांडले. ऐन वेळी काय करायचे याचा निर्णय अर्धवट झोपेतल्या माणसावर सोपवला, की तो अंथरुणाच्याच बाजूने लागतो.

महिन्याची निवडही बहुतेक जण विचार न करता करतात. गणपतीत चाकरमानी घरी आल्यावर, शिमग्याला पालखी दारी यायच्या दिवसांत किंवा आंब्याच्या पेट्या भरण्याच्या धांदलीत नवा नेम तग धरणे कठीणच असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जुळवलेले वेळापत्रक होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर तसेच चालेल, असे गृहीत धरणेही चूकच आहे.

एकाच वेळी चार नेम धरू नयेत, आणि 'शिस्तीत राहायचे' असा मोघम नेम तर मुळीच धरू नये. माझी आजी चातुर्मासात वांगे सोडत असे. वांगे पानात आहे किंवा नाही, एवढाच तो प्रश्न होता. त्यामुळे नेम पाळला गेला का, याविषयी तिला कधीच घोळ घालावा लागला नाही.

सर्वांत घातक चूक मात्र एक दिवस चुकल्यानंतर होते. काही जण 'आता मोडलाच' म्हणून सगळे सोडतात, तर काही जण दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू पाहतात, आणि तिसऱ्या दिवशी दमून पुन्हा चुकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नसल्याचे आढळले. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नये; दिनदर्शिकेतला तो चौकोन रिकामा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीएवढेच करावे.

त्याच अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे दिसले. कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. तेव्हा तिसावा दिवस हा उद्यापनाचा दिवस मानू नये, आणि एकतिसाव्या दिवशी नेमाचा कोणता भाग पुढे चालू ठेवायचा हे महिना संपण्याआधीच ठरवावे. मी पुढच्या अमावास्येनंतर पुन्हा सुरुवात केली, ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दोन्ही अष्टम्यांभोवती पेन्सिलीने गोल करूनच. त्या चार-चार दिवसांत मी आजही रस्त्यानेच चालतो आणि एरवी चपला हातात घेऊन पुळणीवर उतरतो.