डूलाने आपला दर उघड लिहावा का? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेल्या मुली मला फोन करतात. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज जरा खाली आणून विचारतात, "ताई, दर इन्स्टावर टाकू का? की जी विचारेल तिलाच सांगू?"

टाका. पूर्ण आकडा टाका. पहिली तीन वर्षं मीही "फीसाठी मेसेज करा" एवढंच लिहीत होते. त्याचा त्रास मला झालाच, पण माझ्याहून जास्त काही बायकांना झाला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना हे काम अगदीच नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डूला म्हणजे बाळंतपणात बाईजवळ सलग राहणारी, प्रशिक्षण घेतलेली सोबतीण. ती आतली तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळाचे ठोके बघत नाही. ते डॉक्टर, नर्स आणि मिडवाइफ यांचं काम. आपण कंबर दाबून धरतो, घोटघोट पाणी पाजतो, कूस बदलायला लावतो, नवऱ्याला धीर देतो, डॉक्टर काय म्हणाले ते तिला शांतपणे उलगडून सांगतो. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १५ हजारांहून जास्त बायकांवरचे अभ्यास एकत्र तपासले होते. सलग सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी दिसलं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक बाईला बाळंतपणात तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारनं तर २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांसाठी तशा सूचना काढल्या होत्या. सोबतीचं महत्त्व कागदावर मान्य आहे. डूलाचा दर मात्र आपल्याकडे कुठल्याही सरकारी कागदावर नाही, आणि डूलांची नोंदणी करणारी वैधानिक कौन्सिलही नाही. प्रत्येकीने आपला आकडा आपणच ठरवायचा आणि आपणच सांगायचा.

सांगताना जीभ अडते. का अडते, ते मला आजीच्या बोलण्यातून कळलं. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. तिथे सुईणीला बाळंतपण झाल्यावर खण, नारळ, लुगडं आणि सुपात घालून धान्य मिळायचं. आकडा कोणी बोलायचं नाही. "खुशीनं द्या" असं तिनेच म्हणायचं. आणि आजी सांगायची, मुलगी झाली की काही घरांतून लुगडं यायचंच नाही. रात्रभर कष्ट तेवढेच, पण देणाऱ्याची खुशी कमी झाली. आजीचं हे वाक्य मी कधी विसरले नाही. बाळंतपणाचं काम म्हणजे पुण्यकर्म, त्याचे पैसे कसे मागायचे, असं आपल्याला आजही वाटतं ते तिथूनच येतं. पण त्या पुण्याईत सुईणीचं पोट भरलं नाही.

याच्या उलट आमच्या सोसायटीत मालिशला येणाऱ्या मावशी बघा. दारातच सांगतात: सव्वा महिना, बाळ आणि बाळंतीण दोघांचं, शेक-शेगडी धरून इतके, महिन्यात दोन सुट्ट्या, बाळाचंच करायचं असेल तर इतके. अख्ख्या बिल्डिंगला दर पाठ. त्यांच्याशी कोणी घासाघीस करत नाही आणि त्यांना मान कोणी कमी देत नाही. मी दोन दिवसांचं व्यवसायाचं शिबिर केलं होतं, पण दर कसा सांगावा हे मी खरं तर या मावशींकडून शिकले.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते. सुरुवातीला माझा ठरलेला दरच नव्हता. समोरची कुठे राहते, नवरा काय करतो, गाडी कुठली, यावरून मी मनात आकडा बांधायचे. पुण्यातच बाणेरच्या एकीला २२ हजार सांगितले, धनकवडीच्या एकीला १५ हजार. दोघी एकाच गर्भसंस्कार वर्गात निघाल्या. सातव्या महिन्यात बाणेरच्या मुलीने मला विचारलं. चिडून नाही, अगदी हळू विचारलं, "ताई, माझ्याकडे तुमचं काम जास्त असणार आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी अंतराचं कारण सांगितलं. तिने मान हलवली आणि विषय सोडला. मला वाटलं, संपलं. पण नाही संपलं. तिला कळा सुरू झाल्या रात्री नऊला आणि मला फोन आला पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. मी पोहोचले तेव्हा ती बाथरूमच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती, गाऊन पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे. सात तास तिने एकटीने काढले होते. बाळ सुखरूप झालं. पाचव्या दिवशी घरी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "लवकर बोलावलं तर तास वाढतील, मग पैसे वाढतील असं वाटलं. आधीच माझा दर जास्त होता ना."

तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता तो पैशामुळे नाही, पैशाबद्दलच्या धूसरपणामुळे. आपलं सगळं काम विश्वासावर चालतं. ज्या बाईला रात्री फोन उचलताना हिशोब करावा लागतो तिच्यासाठी आपण सोबत नसतोच.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट कळली. एका ओळखीच्या शिक्षिकेची पुतणी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर भेटली. म्हणाली, "मी तुमचं पान तीनदा उघडलं होतं. दर नव्हता लिहिलेला, म्हणजे आपल्याला झेपणारं नसणार असं वाटलं. विचारायचं आणि मग नाही म्हणायचं, ते बरं नाही दिसत." ती बाळंतपणात एकटी होती, आई बाहेर बाकावर. तिला मी तेव्हाच्या माझ्या कमी दरात नक्की घेतलं असतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड दोन्ही बाजूंना होती, तिला विचारायची आणि मला सांगायची.

साड्या विकणाऱ्या पानांवर आपण रोज बघतो, "किंमत?" "इनबॉक्स केलंय ताई." साडीला ते चालत असेल. नाही जमलं तर पुढची साडी. सात महिन्यांच्या गरोदर बाईने प्रत्येक डूलाला मेसेज करायचा, वाट बघायची, सासूला काय सांगायचं ते ठरवायचं, हे तिच्यावर लादू नका.

डॉक्टरांचं उदाहरण मला फार पटतं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे की डॉक्टरने आपली फी दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावी, आणि ती उपचार सुरू करण्याआधी सांगावी. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा झाली त्यातही दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. हे नियम डूलाला लागू नाहीत. पण ज्या इमारतीत आपण पाऊल टाकतो तिथे ही अपेक्षा असेल, तर आपण तिच्यापेक्षा कमी उघड का असावं?

आकडा लिहिण्याआधी तो नीट काढा. नव्या मुली इथेच फसतात. माझ्या १८ हजारांच्या दिवसांचा हिशोब देते. बाळंतपणाआधी तीन भेटी, दोन-दोन तासांच्या. बाळंतपणात सरासरी चौदा तास. नंतर दोन भेटी, चार तास. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून आठ तास, येण्याजाण्यात आठ. झाले चाळीस तास. त्यातून बॅकअप डूलाला, म्हणजे मला जमलं नाही तर येणारीला, ३,००० दिले, पेट्रोल आणि रात्रीच्या कॅबला २,०००. उरले १३,०००. म्हणजे तासाला ३२५ रुपये. आणि यात ३८ व्या आठवड्यापासून बाळ होईपर्यंतचा काळ धरलेलाच नाही, ज्यात मी पुण्याबाहेर जात नाही, फोन सायलेंट करत नाही, भाच्याच्या मुंजीला गेले नाही. ऑन-कॉल असणं हेच या कामातलं सगळ्यात महाग अंग आहे आणि तेच बाहेरून दिसत नाही. महिन्यात दोनपेक्षा जास्त बाळंतपणं मी घेत नाही, कारण दोघींच्या कळा एकाच रात्री सुरू होऊ शकतात. एकदा झाल्यात.

आज माझ्या पानावर लिहिलेलं आहे: ३२,००० रुपये, तीन हप्त्यांत. हा पुण्यातला, नऊ वर्षं काम केल्यावरचा दर आहे. तुम्ही कोल्हापुरात किंवा मडगावात पहिलं वर्ष करत असाल तर हा आकडा उचलू नका, हिशोबाची पद्धत उचला.

आकड्याखाली काय लिहायचं, हे मला आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. भेटी किती. बाळंतपण कितीही तास चाललं तरी वेगळे पैसे नाहीत, हे माझ्या पानावर ठळक आहे, कारण ती बाणेरची चौकट अजून डोळ्यांसमोर आहे. ठरलेलं किंवा ऐन वेळचं सिझेरियन झालं तर काय. मी आजारी पडले तर कोण येणार. आणि रुग्णालयाने मला आत सोडलंच नाही तर काय. हे शेवटचं नवीन मुली हमखास विसरतात. पुष्कळ ठिकाणी लेबर रूममध्ये एकाच माणसाला परवानगी असते. एकदा एका रुग्णालयात रात्री अकराला मला दारातच थांबवलं, आधी होकार दिलेला असूनही. मी बाहेर बसून नवऱ्याला फोनवर सांगत राहिले, कंबर कुठे दाब, श्वास कसा मोज. तेव्हा परताव्याबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं. बाळ हातात आलेल्या घरात पैशाची बोलणी करताना सगळेच अवघडले. आता लिहिलेलं आहे: आत सोडलं नाही तर शेवटचा हप्ता घेत नाही, फोनवरची सोबत आणि नंतरच्या भेटी चालू राहतात.

"२०,००० पासून पुढे" असं लिहू नका. वाचणारीला वीस दिसतात, तुम्ही सांगता तीस, आणि पहिल्याच फोनवर तिला फसल्यासारखं होतं. आणि दराशेजारी "नॉर्मल डिलिव्हरीची हमी" किंवा त्या वळणाचं काहीही कधीच लिहू नका. ते आपल्या हातात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल कडक आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. सिझेरियन झालेल्या बाईला आपण पैसे देऊनही हरलो असं वाटणं, याहून मोठं नुकसान डूला करू शकत नाही.

दर लिहायला विरोध करणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं अगदीच चूक नाही. आकडा बघून काही जणी बोलण्याआधीच जातात, आणि बोलल्या असत्या तर कदाचित थांबल्या असत्या. माझ्याकडे विचारणा निम्म्यावर आल्या. ठरलेली कामं मात्र तेवढीच राहिली, कारण आता फोन करणारी दर वाचून करते. मागच्या महिन्यात एकीचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, पैशाचं बघितलंय आम्ही, मला आईच्या वेळचं सांगायचंय तुम्हाला." आणि मग ती पाऊण तास बोलली. आधीच्या वर्षांत त्या पाऊण तासातली वीस मिनिटं "थोडं कमी होईल का" मध्ये जायची.

दुसरा आक्षेप, गरजू बाईला कमी करायचं असेल तर? तेही उघड लिहा. माझ्याकडे वर्षाला तीन जागा ८,००० रुपयांत आहेत. कागदपत्रं मागत नाही, कारण विचारत नाही, "कमी दराची जागा आहे का" एवढा मेसेज पुरतो. तीन भरल्या की पानावर "यंदाच्या भरल्या" लिहिते. असं लिहिलं की तिला हात पसरावा लागत नाही, आणि मलाही कोणाची गाडी बघावी लागत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. तू दर लिहिलास तर आम्हाला खाली यावं लागेल, असं मला एका अनुभवी डूलाने तोंडावर सांगितलं. त्यावर कोणीतरी तोडगा काढला की आपण सगळ्या मिळून ग्रुपवर एक किमान दर ठरवू, कोणीच त्याखाली जायचं नाही. हेतू चांगला असला तरी हे करू नका. एकाच व्यवसायातल्या लोकांनी आपसांत दर बांधून घेण्याला स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३ मनाई करतं. आपापला हिशोब कसा काढला हे एकमेकींना जरूर शिकवा. आकडा जिचा तिने ठरवायचा.

नातेवाइकांचं काय, हे विचारणारच तुम्ही. आतेबहिणीच्या जावेपर्यंत सगळे "घरचंच आहे" म्हणतात. मी सख्ख्या नात्यात डूला म्हणून जात नाही, बहीण म्हणून जाते, डबा घेऊन. बाकी सगळ्यांना पानाची लिंक पाठवते. लिहिलेला दर असला की हे बोलणं दोन ओळींत संपतं आणि डोहाळजेवणात एकमेकींकडे नीट बघता येतं.

दरावर तारीख घाला. मी दर वर्षी १ एप्रिलला बदलते, मार्चमध्येच तसं लिहून ठेवते. ज्यांनी आधी नाव नोंदवलं आहे त्यांना जुनाच दर, बाळ मेमध्ये होणार असलं तरी.