पीएलसीच्या क्लासला जाताना स्वतःचा पेचकस न्या

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पॅकिंग मशीनच्या मेंटेनन्सला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन. अकरा वर्षं कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), रिले, टायमर हाताळले, पण बिघाड पीएलसीपर्यंत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत पोचला की पुण्याहून माणूस येईस्तोवर लाइन बंद. बंद लाइनपुढे हात बांधून उभं राहणं मला सोसेना, म्हणून क्लास लावला. पहिल्या ठिकाणी चौदा जणांत एकच पीएलसी होता आणि तोही सरांच्या टेबलावर. ते पडद्यावर दाखवायचे, आम्ही वहीत उतरवायचो. दीड महिन्यात मी एक वायरसुद्धा जोडली नाही.

फी भरण्याआधी म्हणूनच विचारा: एका किटवर किती जण बसतात? दोन असतील तर ठीक. चार असतील तर दोघं नुसते बघत राहतात. शक्य असेल तर चालू बॅचमध्ये तासभर बसू द्या म्हणावं. किटवर खरी पुश बटनं, खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) आणि निदान एक कॉन्टॅक्टर हवा. नुसत्या दिव्यांच्या किटवर प्रोग्रॅम शिकता येतो, पण कॉन्टॅक्टर खेचला का नाही, हे शोधायची सवय लागत नाही.

कोणत्या कंपनीचा पीएलसी शिकायचा, हे आपल्या कारखान्याच्या पॅनलमध्ये बघून ठरवा. आमच्याकडे डेल्टा होता. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून घरी सराव होतो. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची चाचणी आवृत्ती २१ दिवस चालते आणि लॅपटॉपही दमदार लागतो; १६ जीबी रॅम असलेली बरी. लॅडर, म्हणजे शिडीसारख्या ओळींत प्रोग्रॅम काढायची पद्धत, एकदा हातात बसली की दुसऱ्या कंपनीकडे वळणं जड जात नाही. आयईसी ६११३१-३ या मानकामुळे भाषा सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात क्लास सुरू करू नका. मी फर्स्ट शिफ्ट संपवून लोकमान्य नगरहून मेट्रोनं शंकर नगरला उतरायचो, चौकात तर्री पोहे खाऊन पाचला क्लासमध्ये. पिशवीत लहान पेचकस, मल्टिमीटर, फेरूल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची नळी), ती दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणि वही. क्लासमधला पेचकस चार हातांत फिरत असतो, आपला असला की वायरिंग आपोआप आपल्याकडे येतं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप आणि पीएलसीचं बोलणं जुळवण्यातच वेळ जातो. जाऊ द्या, हेच उद्या प्लांटमध्ये करायचं आहे. डेल्टाला डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा; एस७-१२०० असेल तर लॅपटॉपचा आयपी पीएलसीच्याच रांगेतला हवा, पीएलसी १९२.१६८.०.१ असेल तर आपला १९२.१६८.०.१०. आणि डेल्टात एक्स ७ नंतर थेट एक्स १० येतो, एक्स ८ आणि ९ नसतातच. मोजणी आठाची आहे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता स्टॉप बटन. इथे घाई करू नका, कारण आपल्यासारखा रिलेवर शिकलेला माणूस इथेच अडकतो. स्टॉप बटन एनसी जोडतात, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं. रिलेच्या ड्रॉइंगमध्येही ते एनसीच काढतो, म्हणून मी लॅडरमध्येही एनसी टाकलं. स्टार्ट दाबलं, काही नाही. दुसऱ्या क्लासचे सर मागून म्हणाले, "काऊन भाऊ, मोटर नाही चालून राहिली?" मी उत्तर शोधत बसलो. त्यांनी सॉफ्टवेअरमधला मॉनिटर (प्रोग्रॅम चालताना दाखवणारा) चालू करायला लावला, तेव्हा दिसलं: बटन न दाबताच इनपुटवर २४ व्होल्ट आहेत, म्हणून तो बिट १ आहे, आणि लॅडरमधला एनसी १ आला की तुटतो. बाहेर एनसी असेल तर आत एनओ काढायचा, म्हणजे एनसीच्या उलट, १ आला की जोडणारा. मग बाहेरही एनओच का नाही जोडायचं? सरांनी माझ्याच हातानं स्टॉपची वायर काढायला लावली. मोटर थांबली. प्लांटमध्ये उंदरानं ती वायर कुरतडली तरी मोटर थांबेल. एनओ जोडलं असतं तर वायर तुटल्याचं कळलंच नसतं आणि ऐन वेळी स्टॉप चाललं नसतं. हा प्रयोग तुमच्या क्लासमध्ये झाला नाही तर मागून घ्या. इमर्जन्सी स्टॉप मात्र फक्त प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडायचा नाही. तो कॉन्टॅक्टरचा पुरवठा थेट तोडेल असाच जोडायचा. फॉरवर्ड-रिव्हर्सचं इंटरलॉकही (दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून घातलेली अडवणूक) लॅडरमध्ये हवं आणि कॉन्टॅक्टरच्या सहायक कॉन्टॅक्टवरही.

दुसरी गोष्ट सेन्सरची. तपकिरी वायर २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. एनपीएन काळी वायर शून्याकडे ओढतो, पीएनपी २४ देतो. डेल्टात एनपीएन असेल तर एस/एस टर्मिनल (इनपुटांचं कॉमन) २४ ला, पीएनपी असेल तर शून्याला. सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीचा लागत नाही, तेव्हा आधी हेच तपासा. आमच्या लाइनवर एकदा स्टोअरमधून घाईनं आणलेला सेन्सर चुकीचा निघाला होता आणि आम्ही दिवसभर पीएलसीला दोष देत होतो.

टायमर आणि काउंटर लवकर येतात. डेल्टात टी ० ला के ५० दिलं की ५ सेकंद, कारण तो १०० मिलिसेकंदांनी मोजतो. एकच आउटपुट दोन ओळींत लिहू नका. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली चालवतो आणि शेवटी आउटपुट बदलतो, त्यामुळे खालची ओळ जिंकते आणि वरची बरोबर दिसूनही चालत नाही.

प्रोजेक्ट म्हणून बहुतेक ठिकाणी ट्रॅफिक सिग्नल देतात. तो करा, पण आपल्या मशीनचंच एखादं काम घेऊन जा. मी आमच्या कन्व्हेअरचं नेलं: पाकीट सेन्सरपुढे ३ सेकंद अडकलं की बेल्ट थांबावा आणि हूटर वाजावा. त्यासाठी सरांना एकामागून एक विचारता आलं आणि उत्तरं माझ्या कामाची होती.

शेवटच्या आठवड्यात जोडीदाराला सांगा, तू बाहेर चहाला जा, मी एक वायर काढतो. मग त्यानं शोधायचं. नंतर उलट. आम्ही रोज तीन-तीन फॉल्ट घातले: सैल फेरूल, सप्लायचा शून्य काढलेला, इनपुट ७ चा १० वर नेलेला.

प्लांटमध्ये परतल्यावर पहिल्यांदा केबल लावाल तेव्हा आधी अपलोड करा, म्हणजे पीएलसीतला प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या. फाइलच्या नावात मशीनचा नंबर आणि तारीख घाला, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. चालू मशीनवर आउटपुट फोर्स करायची, म्हणजे प्रोग्रॅम डावलून लॅपटॉपवरून चालू-बंद करायची वेळ आली तर ऑपरेटरला बाजूला उभं करून, मशीनजवळ कुणाचा हात नाही हे स्वतः डोळ्यांनी बघून मगच करा.