मोहफुलं पुढच्या हंगामापर्यंत टिकवायची तर

गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. घरातली सगळी माणसं पहाटेपासून वेचतात आणि मे महिन्यात मिळेल त्या भावाने फुलं विकून मोकळी होतात, कारण ‘पावसाळ्यात मोह टिकत नाही’ असं जो-तो सांगतो. पोळा येईपर्यंत तीच फुलं गावातली माणसं चढ्या भावाने परत विकत आणतात. मला याचा फार त्रास होतो. मोह वर्षभर टिकतो. एप्रिलमध्ये तो कच्चा, म्हणजे पुरता न वाळवता भरला तरच पावसाळ्यात काळा पडतो.

वेचण्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. झाडाखालचा पाला जाळू नका. जंगलाला आग लागते ती लागतेच, शिवाय ओल्या फुलाला राख चिकटते आणि ती पुढे निघत नाही. पाला झाडून घ्या किंवा हिरवी नेट अंथरा. आणि नीट उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका, मोहाला अस्वलंही येतात.

आणलेली फुलं त्याच सकाळी पसरा, एकावर एक न येतील अशी. टोपलीत ढीग राहिला तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. तो वास आलेलं फूल साठवणीत घालू नका. खायचा मोह असेल तर नेटवर किंवा धुतलेल्या ताडपत्रीवर वाळवा, मातीवर नको. दिवसातून दोनदा हात फिरवा, सूर्य मावळायच्या आत गोळा करून झाका. फुलं लालसर झाली की हाताने चोळून किंवा काठीने हलकं झोडून आतले केसर पाडा आणि सुपात पाखडा.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. खरी अडचण पुढे आहे: फूल वाळलं हे ओळखायचं कसं? मलाही हे सहजी जमलं नव्हतं, आणि मिळालेला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीचा होता.

‘तीन उन्हं दाखवली की झालं’ हा त्यातला सगळ्यात वाईट. उन्हं मोजून काही कळत नाही. एखाद्या वर्षी ऊन कडक असतं, एखाद्या वर्षी ऐन हंगामात ढग येतात, अवकाळी पडतो, गारा पडतात. शिवाय मोहाचं फूल पोकळ आणि गोडीने भरलेलं. बाहेरची साल लवकर आवळते, वरून कोरडी लागते, पण देठाकडच्या बाजूला आत ओल धरून असते. वरवर मूठ घालून ‘वाळलं’ म्हणणारा माणूस ही आतली ओल पाहतच नाही.

दुसरी चूक म्हणजे उन्हातच फूल तपासणं. तापलेलं फूल मऊ लागतं, गार झालं की कडक होतं. म्हणून भर दुपारी हाताला जे लागतं त्यावर विश्वास ठेवू नका. ढिगाच्या मधली मूठभर फुलं सावलीत अर्धा तास ठेवा. मग मूठ घट्ट आवळून सोडा. फुलं मोकळी पडली पाहिजेत, गोळा राहता कामा नये. त्यातली चार-पाच नखाने फोडा. आत चकाकी दिसली किंवा बोटाला चिकट लागलं तर अजून ऊन हवं.

यानंतरची परीक्षा मी कधीच टाळत नाही. काचेची बरणी पूर्ण कोरडी करा, त्यात दोन मुठी फुलं घाला, झाकण घट्ट लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. आतून काच धुरकटली किंवा थेंब आले तर माल कच्चा आहे. मग व्यापारी काही म्हणो, शेजारी काही म्हणो, फुलं परत उन्हात घाला. काच स्वच्छ राहिली तरच भरायला घ्या.

वेगवेगळ्या दिवशी वेचलेली फुलं लगेच एकत्र करू नका. एका टोपलीची ओल सगळ्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, पसरते. प्रत्येक वाळवणीची बरणी वेगळी लावा. सगळी पास झाली की एका झाकणाच्या ड्रममध्ये आठवडाभर ठेवा आणि रोज खालीवर करा. या आठवड्यात कुठे गोळा धरलेला दिसला तर तो सगळा ड्रम पुन्हा उन्हात. पावसात भिजलेली फुलं यात मुळीच घालू नका. ती वेगळी वाळवा आणि आधी संपवा.

भरताना फुलं गार हवीत. उन्हातून उचलून थेट भरली तर आतल्या आत घाम सुटतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरा, हवा काढून तोंड घट्ट बांधा, ती पिशवी कट्ट्यात किंवा रबरी कडीच्या ड्रममध्ये ठेवा. बांबूची कणगी उन्हाळ्यापुरती चालते, श्रावणातली दमट हवा ती अडवत नाही. चुलीवरच्या माचावर मोह छान कोरडा राहतो, पण धुराचा वास लागतो, त्यामुळे लाडवाला तो नको. कडुनिंबाचा ओला पाला पिशवीत घालू नका, तो स्वतःच ओल सोडतो. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या तर कधीच नाही.

पिशव्या लहान करा, दोन-तीन किलोच्या. पावसाळ्यात एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. खाली लाकडी फळी ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा.

असा भरलेला मोह पुढच्या हंगामापर्यंत चांगला राहतो. त्यानंतर रंग गडद होतो, चव उतरते, म्हणून मी वर्षापलीकडे ठेवत नाही. नुसत्या गोणपाटात पहिल्या पावसापर्यंतच भरवसा धरा. फुलं शिजवून, गाळून, दाट आटवलेली राब कोरड्या काचेच्या बाटलीत काही महिने राहते, पातळ राहिली तर आंबते.

साठवण करायला घाबरू नका. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. परवान्याशिवाय दारू गाळणं मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हाच आहे, आणि गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी आहे.

पावसाळ्यात उघडलेली पिशवी चिकट लागली पण वास गोड असेल तर तव्यावर मंद आचेवर परता आणि त्याच आठवड्यात वापरा. हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर वरची फुलं काढून खालची ठेवायची नाहीत. अख्खी पिशवी खड्ड्यात पुरा, गुरांनाही घालू नका.