विद्यापीठ परिसरातील पाणीबचत : या चुका टाळा

वसतिगृहे, भोजनगृहे, प्रयोगशाळा, बागा, मैदाने आणि मोठ्या इमारतींतील वातानुकूलन यंत्रणा एवढा सगळा पसारा विद्यापीठात एकाच मुख्य जलवाहिनीवर चालतो, पण त्यातले पाणी कोठे किती जाते हे विचारले तर नेमके उत्तर क्वचितच मिळते. तरीही पाणीबचतीची मोहीम ठरली की पहिले काम होते ते भित्तिपत्रके लावण्याचे. विद्यार्थी बेफिकीर आहेत असे गृहीत धरून निघालेली ही मोहीम काही आठवड्यांत थंडावते आणि तिच्या अपयशाचे खापरही विद्यार्थ्यांवरच फुटते. मला हे अन्यायाचे वाटते, कारण पाणी वाया जाण्याच्या कित्येक वाटा भिंतीआड आणि जमिनीखाली असतात व त्या बुजवणे विद्यार्थ्यांच्या हाती नसते.

मोजमाप न करता सुरुवात करणे

प्रवेशद्वाराजवळ एकच मीटर असेल, तर त्यावरून महिन्याचा एकूण वापर कळतो, दोष कळत नाही. निदान प्रत्येक वसतिगृह, प्रयोगशाळांची इमारत, भोजनगृह आणि बाग यांच्या वाहिन्यांवर स्वतंत्र मीटर हवेत. ते बसवल्यानंतरही दिवसाचे आकडे नुसते लिहून ठेवण्याची चूक होते. गळती शोधायची असेल, तर वापर सर्वांत कमी असतो त्या वेळचा प्रवाह पाहावा लागतो. वसतिगृहात विद्यार्थी उशिरापर्यंत जागे असतात, त्यामुळे ही नोंद मध्यरात्री न घेता पहाटे 3 ते 4 च्या दरम्यान घ्यावी. सुट्टीत इमारत रिकामी असताना घेतलेली नोंद त्याहून विश्वसनीय असते. त्या वेळी मिनिटाला केवळ 2 लिटर पाणी सतत जात असेल, तर दिवसाला 2,880 लिटर आणि वर्षाला साडेदहा लाख लिटरांच्या आसपास पाणी जाते.

असा प्रवाह आढळला, तर एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून दर वेळी मीटर पाहावा. ज्या व्हॉल्व्हनंतर काटा थांबतो, त्याच्या पुढेच दोष असतो. सगळे व्हॉल्व्ह बंद करूनही काटा फिरत राहिला, तर मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जमिनीखालची वाहिनी तपासावी. तळटाकीच्या बाबतीत रात्री येणारा आणि जाणारा असे दोन्ही मार्ग बंद करून पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली असेल तर टाकीला चीर आहे किंवा बंद केलेला एखादा व्हॉल्व्हच नीट बसत नाही. गच्चीवरील टाकीतले जादा पाणी बाहेर काढणारी सांडनळी थेट गटारात किंवा बंद पन्हळीत सोडलेली असते, ही आणखी एक चूक. बॉलकॉक बिघडून टाकी रात्रभर वाहिली तरी ते कोणाला दिसत नाही. सांडनळीचे तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा जागी काढावे.

फ्लशच्या टाकीकडे दुर्लक्ष

नळ ठिबकताना आवाज येतो, पण फ्लशच्या टाकीतील झडप झिजली की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून फ्लश न करता 10 ते 15 मिनिटे थांबावे. भांड्यात रंग दिसला तर झडप बदलावी. दर सत्राच्या आरंभी ही तपासणी प्रत्येक शौचालयात झाली पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एवढ्या कमी श्रमात एवढे पाणी वाचवणारे दुसरे काम परिसरात सहसा सापडत नाही. पाणी वाचावे म्हणून टाकीत वीट ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. वीट झिजत जाते आणि तिचे कण झडपेत अडकून नवी गळती सुरू होते. त्याऐवजी पाण्याने भरलेली बंद बाटली चालते, पण त्यामुळे दोनदा फ्लश करावे लागत असेल तर तीही काढून टाकावी.

फलकावर विसंबून राहणे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ परिसरात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सामाजिक मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला प्रयोग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. व्यायामगृहातील स्नानगृहात, साबण लावताना शॉवर बंद ठेवावा, अशी सूचना भिंतीवर लावली तेव्हा सुमारे 6 टक्के विद्यार्थ्यांनीच ती पाळली. तीच सूचना वाटेतच, चटकन डोळ्यांत भरेल अशी उभी केली तेव्हा प्रमाण 19 टक्क्यांपर्यंत गेले, पण काहींना तिचा रागही आला. यानंतर एक विद्यार्थी काही न बोलता तसे करून दाखवू लागला, तेव्हा 49 टक्के, आणि दोघे तसे करू लागले तेव्हा 67 टक्के विद्यार्थ्यांनी शॉवर बंद केला.

त्याच परिसरात पोहायला येणाऱ्या विद्यार्थिनींवर पुढे आणखी एक प्रयोग झाला आणि तो 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी वाचवा असे इतरांना सांगणाऱ्या पत्रकावर ज्यांची सही घेतली आणि त्याच वेळी स्वतःच्या वापराविषयी ज्यांना प्रश्न विचारले, त्यांची आंघोळ सरासरी 3 मिनिटे 40 सेकंदांच्या आसपास आटोपली, तर ज्यांना काहीच विचारले नव्हते त्यांना सुमारे 5 मिनिटे लागली.

त्यामुळे फलकांवरचा वेळ कमी करून प्रत्येक मजल्यावर तयार असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. इतर सगळेच पाणी वाया घालवतात, अशी तक्रार करणारा मजकूर तर मुळीच लावू नये. वाया घालवणे हीच इथली रीत आहे, असा उलटा निरोप त्यातून पोहोचतो. गळतीची तक्रार आली तर ती कधी दुरुस्त होईल हे त्याच दिवशी कळवावे. ज्याने नळ गळतो म्हणून कळवले आणि तीन आठवडे तोच नळ गळताना पाहिला, तो पुन्हा कळवायला येत नाही.

प्रयोगशाळा विसरणे

पाणीबचतीच्या चर्चेत प्रयोगशाळांचा उल्लेख क्वचितच होतो. पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी मिळवणाऱ्या साध्या ऊर्ध्वपातन यंत्रात 1 लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी सुमारे 10 लिटर थंड पाणी लागते, आणि ते गरम होऊन थेट मोरीत जाते. ते दुसऱ्या टाकीत साठवून काचसामानाच्या पहिल्या धुण्यासाठी वापरता येते. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगातील कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीला, मिनिटाला 1 लिटर इतकी मंद धार धरली, तरी 12 तासांत 720 लिटर पाणी जाते. शिवाय रात्री परिसरातील मागणी घटली की नळातील दाब वाढतो, रबरी नळी निसटते आणि सकाळी प्रयोगशाळेत पाणी साचलेले असते. तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा फिरवणारा चिलर घेतला, तर ही दोन्ही दुखणी टळतात. निर्वातासाठी, म्हणजे भांड्यातील हवा ओढून काढण्यासाठी, नळाला जोडलेली जलपिचकारी मिनिटाला कित्येक लिटर पाणी ओढते. तिच्या जागी पाण्याविना हवा ओढणारा डायाफ्रॅम पंप बसवावा. जुन्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली साहित्य निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, निचऱ्याचे पाणी थंड करण्यासाठी गार पाण्याची धार दिवसभर चालू असते. निचरा खरोखर गरम असेल तेव्हाच उघडणारा तापनियंत्रित व्हॉल्व्ह तेथे बसवता येतो.

पाऊस, बाग आणि सांडपाणी

छताच्या 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते, हे गणित सर्वांना पाठ असते. पण पहिल्या सरींचे धूळमिश्रित पाणी बाजूला सोडण्याची सोय आणि पावसाळ्यापूर्वी पन्हळींची सफाई या दोन गोष्टी राहून जातात. वाहनतळावरचे तेलकट पाणी, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात मुळीच सोडू नये. बागेत दुपारी तुषार सिंचन चालवण्याऐवजी झाडांना ठिबक आणि आच्छादन द्यावे, आणि ज्यावर कोणी बसत-खेळत नाही अशी हिरवळ हळूहळू कमी करावी.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा खास विद्यापीठी प्रश्न सुट्टीचा आहे. वसतिगृहे रिकामी झाली की केंद्रात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना अन्न मिळत नाही, ते मरू लागतात, आणि सत्र सुरू होताच पूर्ण भार आला की अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी बागेत पोहोचते. सुट्टीत एखादीच टाकी चालू ठेवून तिला कमी प्रमाणात हवा देत राहावे, आणि सत्राच्या आरंभी पाण्याची तपासणी होईपर्यंत ते बागेला सोडू नये. प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी वेगळ्या रंगाची असावी, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक कामानंतर ती पिण्याच्या वाहिनीला चुकून जोडली गेलेली नाही याची खात्री करून घ्यावी.

मीटरच्या नोंदी, बदललेल्या झडपांची यादी आणि व्हॉल्व्हचा नकाशा एकाच वहीत असावा. ही वही उत्साही विद्यार्थ्यांच्या गटाकडे राहिली, तर ते पदवी घेऊन गेल्यावर ती हरवते. म्हणून ती देखभाल विभागात ठेवावी आणि दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात नव्या तुकडीतील दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पहाटेची पहिली नोंद करावी.