धंदा छोटा असला तरी हेल्थ इन्शुरन्स परवडेल असा कसा घ्यायचा

नोकरीवाल्याला कंपनी पॉलिसी देते, आपल्याला कोण देणार? एजंट येतो, थेट २५ लाखांच्या कव्हरचा कोट पुढे सरकवतो आणि प्रीमियम बघून आपण म्हणतो पुढच्या वर्षी बघू. त्यापेक्षा दोन तुकड्यांत घ्या.

आधी ५ लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरच्या सगळ्यांना मिळून एकच कव्हर. आईवडिलांची वेगळी, कारण फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो.

"धंद्याच्या नावावर ग्रुप पॉलिसी घ्या, स्वस्त पडतं" हे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. कामगारांसाठी जरूर घ्या, पण घरच्यांचं सगळं त्यावर टांगू नका, धंदा गुंडाळला की कव्हरही जातं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुपवर १८% आहेच.

बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर लिहा, आणि फॉर्म स्वतः भरा.

आता दुसरा तुकडा, इथेच लोक फसतात. ५ लाखांच्या वर स्वस्तात कव्हर मिळतं ते सुपर टॉप-अपमधून, साध्या टॉप-अपमधून नाही! नावं सारखी, एजंट पण दोन्हीला टॉप-अपच म्हणतो, मी किती जणांना हे कागदावर मांडून दाखवलंय. समजा दोन्हींचं डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेच्या वरचंच बिल ही पॉलिसी देते ती रक्कम, ५ लाख आणि एका वर्षात दोनदा ॲडमिट व्हायला लागलं, दोन्ही वेळा बिल ४ लाख. फ्लोटर पहिले ४ देईल, दुसऱ्या वेळी उरलेला १. राहिले ३. टॉप-अप प्रत्येक बिल सुटं बघतो, ४ काही ५ च्या वर जात नाहीत, म्हणून एक रुपया देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, ८ मधून ५ वजा, ३ लाख देतो. त्यामुळे टॉप-अप थोडा स्वस्त दिसला तरी घेऊच नका.

आणि दोन्ही तुकड्यांत रूम रेंटची अट बघा. लिमिट रोजचं ५,००० आणि तुम्ही १०,००० च्या रूममध्ये राहिलात तर नुसतं भाडं कापत नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर हे पण निम्म्यावर येतं, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या सुटतात. प्रीमियम कमी करायचाच असेल तर कव्हर कमी करा, पण ही अट असलेली पॉलिसी नको.

कागद हातात आले की ३० दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते. सुपर टॉप-अपच्या शेड्यूलच्या (तपशिलाच्या) पानावर डिडक्टिबलपुढे 'ॲग्रीगेट' (वर्षाची बेरीज) लिहिलंय का बघा, 'पर क्लेम' (प्रत्येक बिल सुटं) दिसलं तर त्याच आठवड्यात परत करा.